कण्हेर आणि कुत्र्याचं पिल्लू: झाड काढावं का?

तुम्ही विचारलंय, राजारामपुरीतल्या घरापुढं लाल कण्हेर आहे, तीन महिन्यांचं पिल्लू आणलंय, तर झाड ठेवावं का? माझं मत सरळ आहे: काढा.

कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ, सगळंच विषारी. त्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. वाळून पडलेल्या पानातही विष राहतं आणि पिल्लू नेमकं तेच चघळतं. पूजेची फुलं ज्या तांब्यात ठेवता ते पाणीसुद्धा त्याला पिऊ देऊ नका. पिवळी कण्हेर म्हणजे आपली बिट्टी, तीही त्याच माळेतली. लहानपणी आम्ही तिच्या बियांनी खेळायचो, आता आठवलं की अंगावर काटा येतो.

पुणे-बंगळूर हायवेच्या दुभाजकात कण्हेर एवढी दिसते, कारण जनावरं तिला तोंड लावत नाहीत. पण पिल्लाला कुठली आलीय अक्कल!

तोडताना हातमोजे घाला. फांद्या जाळू नका, धूरही घातक असतो.

खाल्लंच असेल तर लाळ, उलट्या, जुलाब, सुस्ती दिसते. पण लक्षणांची वाट बघू नका, मीठ-पाणी तर अजिबात पाजू नका, मिठाचीच बाधा होते. पानाचा तुकडा बरोबर घेऊन लगेच डॉक्टर गाठा.

जागा रिकामी वाटली तर जास्वंद लावा. कुत्र्याला ती विषारी नाही, गणपतीलाही चालते. मोगराही चालेल, सदाफुली मात्र नको.