वाचकांचे प्रश्न : रॉकफेलरना रेल्वेने सवलत का दिली?

प्रश्न : अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचे संस्थापक रॉकफेलर यांनी रेल्वेकडून सवलती उकळून स्पर्धकांना संपवले, असे नेहमी वाचनात येते. पण रेल्वे कंपन्या स्वतःचे नुकसान करून घ्यायला तयार कशा झाल्या?

उत्तर : नुकसान झालेच नाही, मेख इथेच आहे. क्लीव्हलँडच्या तेलशुद्धीकरण रिफायनऱ्या लेक शोअर रेल्वेला सुटा माल देत. एकीच्या चार वाघिणी (मालडबे), दुसरीच्या दोन, त्याही निरनिराळ्या गाड्यांना जोडलेल्या. न्यूयॉर्कला जाऊन परत यायला वाघिणीला सरासरी ३० दिवस लागत. रोज ६० वाघिणी रवाना करायच्या तर १,८०० वाघिणी बाळगाव्या लागणार.

रॉकफेलर यांचे भागीदार हेन्री फ्लॅगलर यांनी रोज ६० वाघिणी भरून देण्याची हमी दिली. आख्खी गाडी तेलाची आणि थेट न्यूयॉर्कपर्यंत. फेरी १० दिवसांवर आली, ६०० वाघिणींत काम भागले. शिवाय आगीची जोखीम त्यांनी स्वतःकडे घेतली आणि उन्हाळ्यातही जलमार्ग न वापरण्याचे कबूल केले. बदल्यात कच्चे तेल क्लीव्हलँडला आणणे आणि शुद्ध तेल न्यूयॉर्कला पोचवणे मिळून बॅरलमागे २.४० डॉलरच्या जाहीर दराऐवजी १.६५ डॉलर पडू लागले. हा सौदा कठोर होता, पण त्यात रेल्वेचीही खरी बचत होती. मात्र हमी पाळायची तर मंदीतही वाघिणी भरल्याच पाहिजेत. एकट्या रिफायनरीच्या आवाक्यातले ते काम नव्हते. इतरांना आपल्यात ओढण्याची निकड तिथूनच वाढली.

१८७२ च्या साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीचा प्रकार मात्र वेगळा. रेल्वे कंपन्या आणि रॉकफेलर यांच्यासह काही निवडक रिफायनरीवाले यांचे ते संगनमत. क्लीव्हलँडला कच्चे तेल आणण्याचा दर ८० सेंट ठरला, त्यातले ४० सेंट सभासदांना परत. आणि बाहेरच्या स्पर्धकाने ८० सेंट भरले की त्यातलेही ४० सेंट याच सभासदांना! वर, कोण किती माल कुठे पाठवतो याची माहितीही रेल्वेने त्यांना पुरवायची. ही उघड खंडणी होती. तेल उत्पादकांनी रान उठवले, एप्रिलमध्ये कंपनीची सनद रद्द झाली, या करारावर एक बॅरलही गेले नाही. पण नुसता धाकच पुरला. काही आठवड्यांत क्लीव्हलँडमधल्या २६ पैकी २२ प्रतिस्पर्धी रिफायनऱ्या स्टँडर्ड ऑइलच्या ताब्यात आल्या. विकणाऱ्यांना रोख किंवा शेअर असा पर्याय होता. शेअर घेणारे पुढे गबर झाले.

प्रश्न : मग रॉकफेलर यांची कारखान्यातली काटकसर ही नुसती दंतकथा?

उत्तर : नाही. तेलाच्या पिंपांचेच पाहा. ओले ओक लाकूड जड, म्हणून वाहतूक महाग. कंपनीने स्वतःचे जंगल घेऊन लाकूड तोडल्या जागीच भट्टीत वाळवले. बाहेर अडीच डॉलरला पडणारे पिंप एक डॉलरच्या आत बसू लागले. निर्यातीच्या पाच गॅलनी रॉकेलच्या डब्याला डाखाचे (सांधा जोडणाऱ्या वितळलेल्या धातूचे) ४० थेंब लागत. ३८ थेंबांत काही डबे गळले, ३९ मध्ये एकही नाही. तेव्हापासून ३९ हेच प्रमाण ठरले.

प्रश्न : पोलादसम्राट कार्नेगी यांनीही मक्तेदारीच केली का?

उत्तर : त्यांचे हत्यार होते टनामागचा हिशेब. १८७५ मध्ये ब्रॅडॉकचा एडगर थॉमसन पोलाद कारखाना सुरू झाला. कारखान्याला नाव दिले ते पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या अध्यक्षांचे, म्हणजे रुळांच्या मोठ्या गिऱ्हाइकाचे! खनिज, कोक, चुनखडी, मजुरी या प्रत्येकाचा टनामागचा खर्च खातेवार लिहिला जाई आणि वाढलेल्या आकड्याचा जाब त्या खात्याच्या प्रमुखाला द्यावा लागे. झोतभट्ट्या (खनिज वितळवून लोखंड काढणाऱ्या भट्ट्या) इतक्या जोराने चालवत की आतले अस्तर लवकर झिजे, पण तोवर निघालेले जादा लोखंड अस्तराच्या खर्चापेक्षा कितीतरी किमती असे.

माणसांनाही हाच हिशेब लावला, तिथे तो क्रूर ठरला. १८९२ मध्ये कार्नेगींच्या होमस्टेड कारखान्यात वेतनकपातीवरून संघर्ष पेटला. कंपनीचे प्रमुख फ्रिक यांनी पिंकर्टन या खासगी सुरक्षा संस्थेचे सुमारे ३०० पहारेकरी बोलावले, गोळीबारात दोन्हीकडची माणसे मेली आणि कामगार संघटना मोडली. या संपत्तीचा हिशेब हे वगळून मांडताच येत नाही. १९०१ मध्ये कार्नेगींची कंपनी ४८ कोटी डॉलरना विकली गेली.

प्रश्न : १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलची फाळणी झाल्यावर रॉकफेलर बुडाले?

उत्तर : उलट आणखी श्रीमंत झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ३४ कंपन्या झाल्या आणि प्रत्येक भागधारकाला त्या सर्वांचे शेअर हिश्श्याप्रमाणे मिळाले. रॉकफेलर यांचा वाटा सुमारे चौथाई होता. झाकून ठेवलेली मालमत्ता आता कंपनीनिहाय बाजारात दिसू लागली, त्यातच मोटारींमुळे पेट्रोलचा खप वाढला आणि भाव चढत गेले.