जुन्या गाडीचा वॉटर पंप आणि बेल्ट : आधी काय पाहावे

आपण जुनी ॲम्बेसेडर घेतलीत, याचा मनापासून आनंद झाला. परभणी-नांदेडकडचा ४० अंशांपुढचा उन्हाळा सुरू होण्याआधी फॅन बेल्ट तपासा, कारण वॉटर पंपही (इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवत ठेवणारा पंप) तोच फिरवतो आणि बेल्ट तुटला की इंजिन काही मिनिटांतच तापते. इंजिन बंद करून, दोन पुलींमधल्या (बेल्ट ज्यांवरून फिरतो त्या चाकांमधल्या) सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबल्यास बेल्ट सुमारे १२ मिलिमीटर दबला पाहिजे. आवाज करणारा बेल्ट नवशिके फार आवळतात आणि त्यामुळे पंपाचे बेअरिंग (त्याचा दांडा सहज फिरू देणारा भाग) जाते. ही चूक मी पुष्कळांच्या हातून झालेली पाहिली आहे.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतू नका. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार आत साचतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटर (क्षार काढलेले शुद्ध पाणी) आणि कूलंटच (इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळायचे द्रव) वापरा. पंपाखालच्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकू लागले, तर पंप लवकर बदलून घ्या. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नका.