मास्तरांचा गळ : जावयाच्या तळ्यावर कोणतं आमिष?

प्रश्न : मास्तर, नमस्कार. बँकेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. मुलगी-जावई टेक्सासमध्ये डॅलसजवळ असतात. येत्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी तिकडे चाललोय. जावयाला बास माशाचं वेड. दर शनिवारी नवं तळं, असा त्याचा खाक्या. मी आपला लहानपणापासून हिप्परग्याच्या तलावावर कणकेच्या गोळ्यावर रोहू-मृगळ काढलेला माणूस. त्याने फोनवर तिथलं दुकान दाखवलं, तर भिंतभर नुसते प्लास्टिकचे किडे, बेडूक आणि मासे! त्यातलं घ्यायचं काय, आणि अनोळखी तळ्यावर आधी लावायचं काय? जावयासमोर हसं होऊ नये, एवढीच इच्छा.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : हसं होणारच. माझंही झालं होतं. मुलाकडे टेक्सासला गेलो, तेव्हा तिथे शेंगपेंड मिळेना म्हणून मी कणकेत पीनट बटर मळलं. सोलापूरचा माणूस, शेंगांवर भारी विश्वास. तीन तासांनी एक दांडगा कार्प लागला, म्हणजे आपला सायप्रिनसच. मी खुशीत. शेजारच्या बोटीतला म्हातारा मात्र माझ्याकडे असा बघत होता, की जणू मी मटणाच्या दुकानात भोपळा घेतला.

कणकेला बास फिरकत नाही. लार्जमाउथ बास हा शिकारी. स्वभाव ओळखायचा तर आपली मरळ डोळ्यांपुढे आणा. झाडाच्या बुंध्याआड, पाणगवताच्या कडेला, लाकडी धक्क्याच्या सावलीत दबा धरून बसायचं आणि जवळून काही पळालं की झडप घालायची. त्यामुळे ‘त्याला काय आवडतं’ हे दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही. त्या पाण्यात काय पळतंय आणि बासला ते दिसतंय का, एवढंच शोधायचं.

दिसण्याबद्दल थोडं बोलतो, कारण तो माझा धंदा. चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात माझी एकतीस वर्षं गेली. कोरड्या सुतावरचा रंग आणि ओल्या सुतावरचा रंग एक नसतो, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवत. तळ्यातही तेच. दुकानाच्या दिव्याखाली झळझळणारा लाल रंग पाण्यात खोल गेला की सगळ्यात आधी मरतो. म्हणून तळ्यावर पोहोचलात की पेटी उघडू नका. एकच पांढरी ल्यूर, म्हणजे नकली आमिष, दोरीला बांधून बोटीच्या कडेने खाली सोडा आणि ती कुठे दिसेनाशी होते ते बघा. चार-पाच फुटांपर्यंत दिसली, तर पाणी नितळ. तिथे कारल्यासारखा हिरवा, वर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके असलेला किडा लावा. भडक काही नको. फूटभरातच नाहीशी झाली, तर काळा-निळा किंवा पिकल्या जांभळाचा रंग. गढूळ पाण्यात काळा हा रंग म्हणून दिसत नाही, सावली म्हणून दिसतो, आणि शिकाऱ्याला सावली पुरते. पोपटी-पिवळाही अशा पाण्यात चालतो. आमच्या खात्यात त्या रंगाला कुणी हात लावत नसे, पण माशाला कुठे चादर विकायचीय!

आता खरेदी. जावई चाळीस नग घेईल, तुम्ही चार घ्या. सहा-सात इंची मऊ प्लास्टिकचे किडे, वर सांगितलेल्या दोन रंगांत. फिरत्या पात्यांचा एक स्पिनरबेट. माशाच्या आकाराचा, चंदेरी अंगाचा, आत छर्रे खुळखुळणारा एक क्रँकबेट. आणि एक पोकळ रबरी बेडूक. किडा ‘टेक्सास रिग’ने लावायला मात्र जावयाकडून शिकून घ्या. पुढे बंदुकीच्या गोळीसारखं वजन, साधारण पाव औंसाचं, आणि गळाचं टोक किड्याच्या अंगातच लपवलेलं. त्यामुळे बुडालेल्या फांद्यांमधून ओढला तरी सहसा अडकत नाही. हिप्परग्याच्या बाभळींत तुम्ही किती गळ घालवलेत ते आठवा, म्हणजे या युक्तीची किंमत कळेल.

तळं अनोळखी आहे म्हणून घाबरू नका. तिथली बहुतेक तळी म्हणजे आपल्यासारखीच धरणं. डॅलसहून पूर्वेला दीड-दोन तासांवर लेक फोर्क आहे. बासवाल्यांची ती पंढरीच. त्याचं धरण 1980 चं, आणि आपली उजनीही 1980 चीच. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तसं तिथेही पाण्याखाली जुने ओढे, रस्ते आणि न तोडलेली झाडं उभी आहेत. नकाशावर जुन्या ओढ्याचं पात्र शोधा. ते जिथे काठाजवळून वळतं तिथून सुरुवात करा. आधी स्पिनरबेट, कारण तो भराभर फेकून ओढता येतो आणि तासाभरात बरंच पाणी चाचपून होतं. एखादा मासा लागला किंवा नुसता धक्का बसला, की त्याच जागी किडा सोडा आणि अगदी सावकाश, थांबत-थांबत ओढा. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. माझाही सुटायचा.

काय पळतंय ते कळायला पक्षी बघा. बगळे उथळात टिपत असतील किंवा पृष्ठभागावर चंदेरी पिल्लं उसळत असतील, तर ती बहुधा शॅड नावाची मासळी, तिथल्या बासचं रोजचं जेवण. तिथे चंदेरी ल्यूर. काठावर दगड असतील आणि नांग्यांचे तुकडे पडलेले दिसले, तर क्रेफिश, म्हणजे आपल्या झिंग्याचा नांग्या फुटलेला भाऊबंद. तिथे किडा तळाला टेकवून ओढा.

तुम्ही एप्रिलमध्ये पोहोचाल तेव्हा बरेच बास उथळात, अंडी घालायच्या गडबडीत असतील. तेव्हा काठ सोडू नका. जूनमध्ये ऊन आपल्यासारखंच. बेडूक पहाटे वापरा, दहानंतर खोलात किडा. दुपारी बारा वाजता काठाशी बेडूक फेकणारा माणूस मासे पकडत नसतो, ऊन खात असतो.

कायद्याचं एवढंच : टेक्सासमध्ये 17 वर्षं आणि त्यावरच्यांना परवाना लागतो. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गळ टाकायला तो लागत नाही, तेव्हा पहिला सराव तिथेच करा. सर्वसाधारण नियम दिवसाला पाच बास, तेही 14 इंचांवरचे. लेक फोर्कचा नियम निराळा : 16 ते 24 इंचांचा मासा परत सोडायचा. म्हणजे ताटात घेण्याजोगा नेमका जो, तोच! बायकोला हे आधीच सांगून ठेवा. बोटीच्या धक्क्यावरची पाटी वाचल्याशिवाय काही घरी नेऊ नका.

प्रश्न : हा बास आपल्या उजनीत सोडला तर? आणि तोवर मरळीला तो रबरी बेडूक चालेल का?
— एक वाचक, करमाळा तालुका

उत्तर : पहिल्याचं उत्तर नाही, नाही आणि नाही. जपानात 1925 मध्ये हा मासा बाहेरून आणून आशी सरोवरात सोडला. तो पसरत गेला आणि देशी माशांवर ताव मारत सुटला. पुढे बीवा सरोवरात पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायलाच बंदी घालावी लागली. त्याच बीवात 2009 मध्ये 22 पौंडांवरचा बास लागला आणि 1932 चा अमेरिकेतला विक्रम गाठला गेला. पाहुण्याने घर कसं बळकावलं बघा. आपल्याकडे अशाच बाहेरून आलेल्या चिलापी माशाने काय केलं, ते उजनीच्या कोळ्यांना विचारा. एवढ्यावर भागवा.

दुसऱ्याचं उत्तर हो, झकास चालतो. जलपर्णीच्या कडेने टुणटुण उडवत आणायचा. तलावाचा ठेका कुणाकडे आहे ते विचारून, परवानगी घेऊन बसा. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला, तर खाली आई-बाप राखणीला असतात. तिथे गळ टाकू नका, ती दोघं गेली की पिल्लं एका दिवसात संपतात.

आणि पाणी फुटून बेडूक दिसेनासा झाला की लगेच हिसका देऊ नका. मरळीला तो नीट तोंडात घेऊ द्या. मनात ‘एक, दोन’ म्हणा, मग ओढा. मी इतकी वर्षं सांगतोय सगळ्यांना; स्वतः अजून दीडवरच ओढतो.