चंद्रावरच्या वसाहतीने पृथ्वीविरुद्ध बंड केलं, तर ती खरंच जिंकू शकेल का?

विज्ञानकथांत चंद्रावरची माणसं पृथ्वीवर दगड फेकून स्वातंत्र्य मिळवतात, ते भौतिकशास्त्रात आणि अर्थकारणात बसतं का, असं तुम्ही विचारलंय. भौतिकशास्त्रात बसतं. अर्थकारणाचं उत्तर मात्र चंद्रावरचा माणूस काय पिकवतो आणि काय खातो त्यावर आहे. या एका मुद्द्यावर माझं आणि माझ्या मामेभावाचं पंचवीस वर्षांहून जास्त काळ वाजलेलं आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी दगडांचं संपवतो. चंद्राची ओढ तोडायला सेकंदाला 2.4 किलोमीटर वेग पुरतो, पृथ्वीची तोडायला 11.2 लागतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून किलोमागे फरक पडतो सुमारे 22 पट. एक क्विंटल माल चंद्रावरून उडवायला, काहीच वाया गेलं नाही असं धरलं, तर 80 युनिट वीज लागते. आमच्या विहिरीवरचा पाच एचपीचा पंप एकवीस-बावीस तास चालतो तेवढी. तिथं हवा नाही, त्यामुळे रॉकेटचीही गरज नाही. लांब रुळावरून विजेच्या चुंबकांनी माल भिरकावता येतो. तोच दगड पृथ्वीशी पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला 11 किलोमीटर झालेला असतो, आणि त्या वेगात एका टनात चौदा टन टीएनटी या स्फोटकाइतकी ताकद असते. हजार टनांचा दगड म्हणजे जवळपास हिरोशिमाचा बॉम्ब. खालून वर मारणाऱ्याला मात्र इंधन जाळत यावं लागतं आणि तो दोन-तीन दिवस आधी दिसतो. तेव्हा हत्याराच्या बाबतीत चंद्र वरचढ आहे. माझ्या मामेभावाची गाडी इथंच थांबते.

ज्या कादंबरीमुळे हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो ती रॉबर्ट हाइनलाइन यांची 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस', 1966 ची. चंद्रावर तीस लाख लोक, बरेचसे कैदी आणि कैद्यांची पोरंबाळं. बोगद्यांमध्ये, खणून काढलेल्या बर्फाच्या पाण्यावर ते गहू पिकवतात. तो गहू पृथ्वीवर पाठवायचा, भाव पृथ्वीने नेमलेली यंत्रणा ठरवणार, दुसऱ्या कोणाला विकायची सोय नाही. मग तिथला संगणक हिशोब करून सांगतो की असंच चाललं तर सात वर्षांत अन्नासाठी दंगली होतील, कारण गव्हाबरोबर पाणी चाललंय आणि ते परत येत नाही. बंड तिथून सुरू होतं.

तो गहू उतरतो भारतात. पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा आपण खरोखरच पीएल 480 या अमेरिकेच्या अन्नमदतीच्या कायद्याखाली तिथला गहू खात होतो. पुढे दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरीची चव माझ्या आजीच्या तोंडातून शेवटपर्यंत गेली नाही. त्यामुळे या गोष्टीत खाणाऱ्याच्या बाजूने आपण आधीच आहोत. मला ती पिकवणाऱ्याच्या बाजूने समजली.

1997 चा जानेवारी. मी अठरा वर्षांचा, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून बाबा आणि मी दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, कापूस घेऊन खरेदी केंद्रावर गेलो. तेव्हा राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, 1972 च्या हंगामापासूनची. कापूस द्यायचा तो ठरल्या केंद्रावर, ठरल्या भावात. बाहेर विकला तर गुन्हा. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादकडे व्यापारी बसलेले असत, पण रात्री नदी उतरताना बंडी सापडली तर कापूस जप्त. केंद्रासमोर बंड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली होती. आम्ही तीन रात्री तिथं काढल्या. बैलांना बांधून आणलेला कडबा दुसऱ्याच दिवशी संपला, तिसऱ्या दिवशी शेजारच्या बंडीवाल्याकडून दोन पेंड्या उसन्या घेतल्या. थंडी अशी की बाबा कापसातच घुसून झोपायचे. मी बॅटरीच्या उजेडात तेच पुस्तक वाचत होतो. पुण्याला शिकणाऱ्या मामेभावाने दिवाळीत दिलं होतं. इंग्रजी जड जायचं, एका पानाला अर्धा तास लागायचा, पण ते गव्हाचं प्रकरण लागलं आणि मी उठून बसलो. भाव कोण ठरवतं, वजन कोण करतं, नको म्हटलं तर माल न्यायचा कुठे, सगळं ओळखीचं होतं.

चौथ्या दिवशी आमचा नंबर आला. ग्रेडरने बंडीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढला, बोटांनी ओढून पाहिला आणि दर्जा एकाने खाली लिहिला. म्हणाला, ओलावा आहे. तीन रात्री उघड्यावर दव खात उभा असलेला कापूस होता तो, पहिल्या वेचणीचा, किडक्या कापसाची एक कवडी सापडली नसती त्यात. बाबांनी एकदाच सांगून पाहिलं. मी मात्र सगळ्यांसमोर ओरडलो, "बाबा, बंडी वापस फिरवा. देऊच नका याले." मागचे लोक पाहायला लागले. बाबांनी माझ्याकडे न बघता बैल काट्याकडे घातले.

परतीच्या वाटेवर ते नदीपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "वापस नेऊन काय करू? खाऊ का त्याले? गहू असता तं नेला असता लेका. आपून पऱ्हाटी पिकवतो." थोड्या वेळाने म्हणाले, "कोठीत ज्वारी किती हाये ते तुया मायले इचार, मंग ओरड."

हा प्रसंग मी मामेभावाला सांगितला ती चूक झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच्या बहिणीच्या लग्नात, जेवणं आटोपल्यावर, वीस-पंचवीस माणसांत त्याने तो काढला. तीस लाख लोक पृथ्वीला नमवतात आणि इथं एका ग्रेडरसमोर कोणाची मान वर होत नाही. आत्याच्या घरी दमच नाही. मामाजींनी, म्हणजे माझ्या बाबांनी, त्या दिवशी बंडी फिरवली असती तर मागच्या पन्नास फिरल्या असत्या. बाबा तिथंच पान लावत बसले होते. त्यांनी ऐकलं. मी काही बोललो नाही, कारण तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

आज मला तसं वाटत नाही आणि त्याची कारणं तुमच्या प्रश्नाचंच उत्तर आहेत. कादंबरीतली माणसं पाठवणं थांबवू शकतात कारण ती जे पाठवतात तेच खातात. पाठवला नाही तर गहू घरात राहतो आणि पोट भरतं. आता त्याच चंद्रावर गव्हाऐवजी पृथ्वीच्या कारखान्यांना लागणारं एखादं खनिज निघतं असं धरा आणि जेवण पृथ्वीवरून येतं असं धरा. ते बंड पहिल्या महिन्यात संपेल, हातात कितीही दगड असू द्या. तुम्ही हा प्रश्न कथा लिहिण्यासाठी विचारला असेल, तर वसाहतीच्या कोठारात काय आहे ते पहिल्याच प्रकरणात ठरवा.

ज्याला घेणारा एकच आहे त्यालाही माल अडवून धरता येतो, पण घेणाऱ्याला दुसरा देणारा मिळेपर्यंतच. 1861 साली अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं फुटली तेव्हा त्यांची भिस्त कापसावर होती. आपला कापूस अडला की लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील आणि इंग्लंडला आपली बाजू घ्यावी लागेल, असा त्यांचा हिशोब. गिरण्या बंद पडल्या, मजुरांचे हाल झाले, पण इंग्लंड हललं नाही. कापूस इजिप्तमधून आला, भारतातून आला, आणि त्यात आमचा वऱ्हाड होता, हिंगणघाट होतं. त्यांच्या अडवणुकीला पडलेलं भोक आमच्या काळ्या मातीतलं आहे. इथं चार वर्षं पैसा खेळला, 1865 ला युद्ध संपलं, भाव पडला. रेल्वे त्यानंतर आली, 1867 ला नागपूरला आणि 1870 ला खामगावला, आणि माल त्याच दिशेने जात राहिला. चंद्राने गहू अडवला तर पृथ्वी हेच करेल: आधी दुसरं शेत शोधेल, मग बोलायला येईल.

शेतीचा माणूस म्हणून त्या कादंबरीतला पाण्याचा मुद्दा मला पटतो, तो जुजबी नाही. एका क्विंटल गव्हात ओलावा बारा किलोच. पण दाण्यात बांधलेला हायड्रोजन पाण्यात मोजला तर सगळं मिळून साठ किलोच्या घरात जातं. वर दोन किलोच्या आसपास नत्र. चंद्राच्या मातीत प्राणवायू भरपूर आहे, वजनाने चाळीस टक्क्यांहून जास्त, खनिजांत अडकलेला. नत्र आणि कर्ब मात्र दहा लाखांत शंभरेक भाग. पाण्याच्या खुणा चांद्रयान-1 च्या नोंदींतून 2009 मध्ये जाहीर झाल्या, ध्रुवांकडच्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फ आहे, पण तो साठा आहे, झरा नाही. म्हणजे प्रत्येक पोत्याबरोबर पुढच्या पिकाचं खत आणि पाणी कायमचं जाणार. त्यात बियाणं, औषधं, संगणकाच्या चिपा पृथ्वीहून येत असतील तर नाडी पृथ्वीच्याच हातात. आमच्याकडे 2002 नंतर बीटी, म्हणजे जनुक बदललेलं कापसाचं बियाणं, आलं आणि दरवर्षी पाकिटासाठी दुकानासमोर उभं राहावं लागतं. आजोबा सरकी राखून ठेवायचे. ज्याला बी विकत घ्यावं लागतं त्याच्याशी भांडायला समोरच्याला काही करावं लागत नाही, मे महिन्यात दुकान बंद ठेवलं की झालं.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. दगडाच्या ताकदीचा आकडा वातावरणातलं घर्षण न धरता आहे, लहान दगड वरच जळतील. 1967 च्या अंतराळ करारानुसार चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही, त्यामुळे बंड नेमकं कोणाविरुद्ध हा वकिलांचा वेगळा खेळ होईल. एकाधिकार खरेदीने काही वर्षं बाजारापेक्षा बरा भाव दिला, हेही खरं आहे. आणि विदर्भ म्हणजे चंद्र नाही. इथं पाऊस पडतो, आणि रुई जवळपास सगळी हवेतल्या कर्बाची आणि पाण्याचीच बनते. मातीतलं नत्र जातं ते सरकीतून. म्हणून माझी तुलना मातीपुरती कच्ची आहे. काट्यापुरती पक्की आहे.

आता दादा, तू हे वाचशील म्हणून. लग्नात मी बोललो नव्हतो. त्या जानेवारीत घरी गेल्यावर मी मायला विचारलं होतं. कोठीत चार पोती ज्वारी होती. खाणारी आम्ही सहा माणसं, दिवसाला अडीच किलोच्या जवळपास. जूनच्या मध्यापर्यंत पुरत होती. पेरणीला त्याच महिन्यात पैसे लागणार होते आणि नवी ज्वारी दिवाळीच्या सुमारास येणार होती. बाबांना हे काट्यासमोर उभं राहून तोंडपाठ होतं.