वाचकांचे प्रश्न : कुंडीबाहेरचे पाणी

प्रश्न : 20 सेंटिमीटर तोंडाच्या कुंड्यांना तुषार संचाने रोज सलग 30 मिनिटे पाणी देतो. विद्राव्य खतही त्यातूनच जाते. चरात शेवाळ माजले आहे. ठिबक करावे का?

उत्तर : मोठ्या कुंड्यांना जरूर करा, पण आधी मांडणी पाहा. दोन कुंड्यांच्या मध्यांत 40 सेंटिमीटर अंतर असेल, तर 1600 चौरस सेंटिमीटर जागेत कुंडीचे तोंड भरते जेमतेम 314. पाचातले चार भाग पाणी जमिनीवर, आणि त्याच्याबरोबर खतही! शेवाळ त्याच नत्र-स्फुरदावर पोसते. कुंड्या चौकोनी रांगांत टेकवून ठेवल्या, तर तोंडांखाली 78 टक्के जागा येते. रांगा आडव्या सरकवून खाचेत बसवल्या तर 90. पाने एकमेकांत शिरू लागली की मगच अंतर वाढवा.

मग निचरा मोजा. एक कुंडी बादलीच्या तोंडावर घट्ट बसवा, म्हणजे फक्त खालून गळणारे पाणी बादलीत येईल. शेजारी तेवढ्याच तोंडाची, आत प्लॅस्टिक लावलेली रिकामी कुंडी ठेवा. समजा तिच्यात 600 मिली जमले आणि बादलीत 240 गळले, तर निचरा 40 टक्के. 15 टक्के पुरतो. कुंडीने 360 धरले. 360 भागिले 0.85, म्हणजे सुमारे 425 मिली द्यायचे. 30 मिनिटांची 21 झाली. (दाट पानांची झाडे पाणी कुंडीत ओढतात किंवा बाहेर फेकतात, म्हणून चार-पाच ठिकाणी मोजा.) ही 21 मिनिटेही सात-सातच्या तीन पाळ्यांत, मध्ये तासभर थांबून द्या. वाळलेले माध्यम (कुंडीत भरलेले मिश्रण) पाणी लगेच धरत नाही. पाणी कडेने सरळ खाली उतरते.

तुषारातून खत सोडणे बंदच करा. आवरण असलेले, सावकाश सुटणारे खत माध्यमात मिसळा. वर पसरलेले दाणे कुंडी कलंडली की चरात जातात. निचरा घटवल्यावर क्षार साचतात, तेव्हा गळणाऱ्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचा अंदाज) दर पंधरवड्याला तपासा.

प्रश्न : चरातले पाणी तळ्यात साठवून, क्लोरीन टाकून आणि मग गाळून पुन्हा फिरवले, तरी रोपांची मुळे कुजतात. का?

उत्तर : पिथियम आणि फायटोफ्थोरा हे मुळे कुजवणारे रोगकारक पाण्यातून पसरतात. तुम्ही क्लोरीन टाकता खरे, पण गाळण्याआधी. मग तो गाळ आणि शेवाळातच खर्ची पडतो. आधी गाळा, सामू (पीएच) 7च्या आसपास आणा, आणि मोकळा क्लोरीन टाकीत नव्हे, शेवटच्या तुषार तोटीशी मोजा: तिथे 2 पीपीएम (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) मिळाला पाहिजे. तणनाशक मारलेल्या भागाचा चर मात्र या तळ्याला जोडू नका. क्लोरीनवर भिस्त ठेवू नका, त्याने तणनाशक पाण्यातून जाणार नाही.