आजोबांना कावळा का नाही शिवला?

प्रिय चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज काल तीनदा ऐकला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा ऑफिसच्या गाडीत होतो, बाहेर जकार्ताचा ट्रॅफिक जागचा हलत नव्हता आणि तुझा आवाज बसलेला होता, रडून झाल्यावर असतो तसा. तू विचारलंस, "बाबा, आजोबांचं दहावं-तेरावं आपण का नाही केलं? वर्गातली मैत्रीण म्हणते, कावळा शिवला नाही तर माणूस इथेच अडकून राहतो. आणि मग आजीने तेराव्या दिवशी गच्चीवर गुपचूप पान का ठेवलं? आजोबांना ते चाललं असतं का?"

आधी पहिलं. आजोबा कुठेही अडकलेले नाहीत. त्यांनी 2009 मध्ये देहदानाचा फॉर्म भरला होता. साक्षीदार म्हणून सही आजीची. सही करताना ती एक शब्द बोलली नाही, पण ते कार्ड तिने देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं, कारण घरातले महत्त्वाचे कागद ती तिथेच ठेवते. आजोबा गेले त्या पहाटे ते तिनेच काढून दिलं. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून तिने आधी नेत्रपेढीला फोन करायला लावला आणि मग मला. दुपारी शववाहिका खाडीपुलावरून कळव्याला मेडिकल कॉलेजात गेली. शरीरशास्त्र शिकायला मुलांना खरा देह लागतो, आणि असे देह स्वीकारण्याची तजवीज आपल्या राज्यात 1949 च्या कायद्याने झालेली आहे. तर आजोबा सध्या शिकवतायत. निवृत्त झाल्यावरही शिकवणं सोडवेना त्यांना, तुला माहीत आहेच.

आता कावळा. मी आठवीत असेन. माझ्या आजीची, म्हणजे तुझ्या पणजीची तिथी होती. नौपाड्यातली आपली हीच गच्ची. तुझ्या आजीने केळीच्या पानावर वरण-भात, वडे, खीर, गवारीची भाजी वाढली होती. कावळे समोरच्या नारळावर बसून ओरडत होते, पण एकही खाली येईना. पाऊण तास झाला. आजी हात जोडून एकेक कबूल करायला लागली. तुमच्या नातीचं लग्न नीट करू, गावचं घर विकणार नाही, तुमच्या पाटल्या मोडणार नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आत्याने दर्भाचा कावळा करून शिववायची तयारी सुरू केली. आजोबा देव मानत नव्हते, श्राद्ध मानत नव्हते, तरी दर वर्षी स्टूल आणि पाण्याचा तांब्या घेऊन तेच वर यायचे, कारण आजीला जिना चढताना दोन्ही हात मोकळे लागत. त्या दिवशी ते कठड्याशी उभे राहून इकडेतिकडे बघत होते. मग हळूच पाण्याच्या टाकीमागे गेले आणि "शुक शुक" केलं. मागून एक करडी मांजर उडी मारून जिन्याकडे पळाली. मिनिटभरात दोन कावळे पानावर.

आजोबा तेव्हा हसले नाहीत. "बघ, मी सांगत होतो" असंही म्हणाले नाहीत. आजीला म्हणाले, "झालं ना? चल, आता तू जेवून घे, सकाळपासून उपाशी आहेस." मला मात्र रात्री विचारलं, "कावळा का येत नव्हता?" मी म्हटलं, मांजर होती. "आणि घाटावर लगेच का येतो?" मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, "तिथे रोज भात मिळतो, त्याला सवय आहे. कावळा हुशार पक्षी आहे, त्याला भूक कळते आणि धोका कळतो. पणजीच्या मनातलं त्याला कसं कळेल?"

चिऊ, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवसातच दिसतं. आजीने तेराव्याला पान ठेवलं ते आजोबांना चाललं असतं. ते हयात असते तर स्टूल त्यांनीच वर नेलं असतं. आजीने त्यांचा शब्द मोडलेला नाही. देह तिने दिला, भटजी बोलावले नाहीत, जेवणावळ घातली नाही, स्मरणसभेत पहिल्या रांगेत बसली. पण पन्नास वर्षं ज्या माणसाला रोज ताट वाढलं, त्याला एकदा शेवटचं वाढावंसं तिला वाटलं. त्याला गुपचूप म्हणू नकोस. तिला फक्त कुणाशी वाद नको होता.

तुझी मैत्रीण म्हणते, "हे आपल्यात चालत नाही." तिच्यावर रागावू नकोस, तिने घरी ऐकलेलं सांगितलं. पण आपल्यात काय चालतं, हे तिला पूर्ण माहीत नाही. जोतीराव फुले 28 नोव्हेंबर 1890 ला गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं विस्तवाचं मडकं, कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, दत्तक मुलगा त्यांना मान्य नव्हता. सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हातात घेतलं आणि पुढे चालू लागल्या. 1890 साली, एका बाईने! आगरकरांची तर लोकांनी ते जिवंत असतानाच पुण्यात प्रेतयात्रा काढली, कारण ते रूढींविरुद्ध लिहीत. हमीद दलवाईंनी 1966 मध्ये मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. 1977 मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे कुठलाही धार्मिक विधी न करता त्यांचं दहन झालं. ही सगळी मराठी माणसं. न मानणं हीसुद्धा आपल्याकडची जुनी रीत आहे, पणजीच्या पानाइतकीच आपली.

आणि डॉ. दाभोलकर. आजोबांच्या टेबलावर त्यांचा फोटो असायचा, तू विचारायचीस हे कोण. साताऱ्याचे डॉक्टर, कबड्डीचे मोठे खेळाडू. 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटले. आजोबा त्यासाठी ठाणे स्टेशनबाहेर सह्या गोळा करत उभे राहायचे, मी पाहिलंय. लोक अंगावर यायचे, "देवाच्या विरोधात आहात का?" म्हणून. आजोबा शांतपणे मसुदा वाचून दाखवायचे. वारी, कीर्तन, पूजा, प्रदक्षिणा यांना त्यात कुठेही हात लावलेला नव्हता. साप चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्र टाकत बसणं, भूत उतरवतो म्हणून एखाद्या बाईला साखळीने मारणं, नरबळी, हे त्यात गुन्हे होते. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर फिरायला गेलेल्या दाभोलकरांना गोळ्या घालून मारलं. त्यानंतर चारच दिवसांत सरकारने अध्यादेश काढला, डिसेंबरात कायदा झाला. त्यांनाही देहदान करायचं होतं. पण शवविच्छेदन करावं लागल्यामुळे तो देह शिकवायच्या कामी येण्यासारखा राहिला नाही. साताऱ्याला मुलीने, मुक्ताने, अग्नी दिला, विधी न करता.

त्या दिवशी आजोबा दिवसभर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तलावपाळीला फिरायला निघाले, तेव्हा आजी म्हणाली, "आजच्या दिवस नका जाऊ." ते गेले. मग आजी चप्पल घालून मागोमाग गेली. देव मानणारी माझी आई त्या दिवसापासून बरेच महिने रोज त्यांच्याबरोबर तलावाला फेऱ्या मारत होती. 10 मे 2024 ला दाभोलकरांच्या खुनाच्या खटल्याचा निकाल लागला, दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. आजोबा म्हणाले, "अकरा वर्षं लागली."

मी इथे राहतो तिथलंही सांगतो, कारण तू विचारलंस की बाहेरच्या देशात हे सोपं असेल ना. इंडोनेशियाची माणसं फार प्रेमळ आहेत. पण राज्याच्या पाच तत्त्वांतलं पहिलंच तत्त्व ईश्वरावर श्रद्धा हे आहे. ओळखपत्रावर धर्माचा रकाना असतो, आणि नास्तिक असं लिहायची सोय नाही. 2012 मध्ये सुमात्रातल्या एका सरकारी नोकराने देव नाही असं फेसबुकवर लिहिलं. जमावाने त्याला मारहाण केली आणि कोर्टाने त्यालाच अडीच वर्षांची शिक्षा दिली. बांगलादेशात 2015 मध्ये अविजित रॉय या लेखकाला ढाक्याच्या पुस्तक मेळ्यातून बाहेर पडताना बायकोसमोर मारून टाकलं. मला इथे कुणी धर्म विचारला की मी हिंदू म्हणतो आणि गप्प बसतो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही, आणि दर वेळी मला आजोबा आठवतात.

आपल्याकडे निदान कायदा आपल्या बाजूचा आहे. सरकारी फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करता येणार नाही, आपला कुठलाच धर्म नाही असं म्हणायचाही हक्क आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला आहे. तू काय मानायचं ते मी ठरवणार नाही, आजोबांनीही माझ्यासाठी ठरवलं नव्हतं. गणपतीत ते आरतीला उभे राहायचे, हात जोडायचे नाहीत, टाळ मात्र मन लावून वाजवायचे. तुला जोडावेसे वाटले तर जोड. पण कुणी म्हणालं की आजोबा अडकलेत, तर तिला मांजरीची गोष्ट सांग. घरी बोलाव, गच्ची दाखव.

पणजीची तिथी मार्गशीर्षात येते. आजी पान ठेवणार. मी तेव्हा इथेच असेन, आणि तिचे गुडघे आता जिन्यावर फार दुखतात. स्टूल आणि तांब्या तू वर ने. टाकीच्या मागे एकदा बघून घे.

तुझा,
बाबा