प्रगतिपुस्तक खिशात घेऊन फिरू नका

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिलहून एक आई लिहिते: "मुलगी टेन्थला आहे. केमिस्ट्रीत बी मायनस आला. विचारलं की दार लावून घेते. महिनाभर नीट जेवत नाही, रात्री दोनपर्यंत जागी. मराठी शाळा सोडते म्हणते, डिसेंबरात भारतात यायलाही तयार नाही. काउन्सेलरकडे न्यावं तर लोक काय म्हणतील?"

पुढे तुम्ही सहज लिहून गेलात, "नवा मार्क पडला की माझ्या फोनवर लगेच कळतं." बाई, दुखणं तिथे आहे!

आपल्या वेळी प्रगतिपुस्तक वर्षातून तीन-चारदा यायचं. बाबांच्या सहीपर्यंत चार दिवस मिळायचे, तेवढ्यात रडून, सावरून घेता यायचं. तुमच्या लेकीला तेवढीही उसंत नाही. ती बसमधून उतरायच्या आत तुमची उलटतपासणी तयार असते. मी काही वेगळी नव्हते. मुलगा अकरावीत असताना शाळेच्या मार्कांच्या ॲपवर शून्य दिसला. भर लंचमध्ये मेसेज केला, "हे काय?" सरांनी पेपर तपासलाच नव्हता. लेकरू तीन दिवस बोललं नाही. मग म्हणाला, "आई, माझे मार्क माझ्याआधी तुला कळतात." त्या रात्री नोटिफिकेशन बंद केलं. आमच्याकडे रविवारी चहाबरोबर, दोघांनी मिळून, दहा मिनिटं ॲप उघडायचं असं ठरलं. तुम्हीही आजच बंद करा. उद्या नाही, आज.

काउन्सेलरकडे मात्र न्याच. महिनाभराची झोप-भूक गेलीय, हा आळस नव्हे. डॉक्टरकडेही न्या. बारा वर्षांपुढच्या मुलांना नैराश्याची प्रश्नावली तिथे देतात. त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर थांबा. इलिनॉयमध्ये 2022 पासून शाळेतल्या मुलांना मनःस्वास्थ्यासाठी वर्षाला पाच दिवस रजा मिळते, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, बुडालेला अभ्यास नंतर भरून काढता येतो. केमिस्ट्रीच्या टेस्टच्या भीतीने ती रजा नाकारू नका. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही ती बोललीच, तर त्याच रात्री 988 ला, म्हणजे अशा वेळच्या अमेरिकेतल्या हेल्पलाइनला, फोन किंवा मेसेज करा.

लोक? गणपतीला आपापला पदार्थ घेऊन पॉटलकला जमणारे ना? अहो, तेही टेबलाखाली तेच ॲप बघत असतात.

मराठी शाळा सुटली तर सुटू दे, घरी मराठीत भांडा. भारताचं तिकीट तिला विचारून काढा.